रद्दीतून कोलाज: फुगे, वाकलेला पुठ्ठा आणि पिवळा पडणारा कागद

प्रश्न थोडक्यात असा: घरची रद्दी, जुन्या लग्नपत्रिका, एसटीची तिकिटं, साडीचे काठ जमवून खोक्याच्या पुठ्ठ्यावर १२ × १६ इंचांचं कोलाज केलं. चिकटवताना कागदाला सुरकुत्या पडल्या, फुगे आले. वाळल्यावर पुठ्ठा द्रोणासारखा वळला. वर्तमानपत्राचे तुकडे काही महिन्यांत पिवळे पडले आणि पावसाळ्यात एका कोपऱ्याला बुरशी आली. चुकलं कुठे, आणि जे झालंय ते वाचवता येईल का?

यातल्या तीन तक्रारी पाण्याच्या आहेत आणि एक कागदाच्या जातीची. कोलाज शिकवताना रंगसंगती आणि मांडणीवर भरपूर बोललं जातं, पण काम बिघडतं ते कागद किती पाणी पितो, केव्हा पितो आणि ते कुठून बाहेर टाकतो हे न पाहिल्यामुळे. म्हणून आधी तेच.

कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंचा थर. ओल लागली की तंतू जाडीत फुगतो, लांबीत जवळजवळ वाढत नाही. गिरणीच्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात, त्यामुळे ओला कागद त्या दिशेच्या आडवा पसरतो. तुम्ही कोरड्या कागदाला डिंक लावून लगेच दाबलात, तर तो चिकटल्यानंतरही पसरत राहतो. पसरायला जागा नाही, म्हणून मधूनच वर उठतो. हाच तुमचा फुगा. नंतर पाणी उडतं, कागद आक्रसतो आणि ज्याला तो घट्ट चिकटलाय त्या पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. हाच तुमचा द्रोण. दोन्हींचं मूळ एकच, उपाय मात्र वेगळे.

तंतूंची दिशा ओळखायला दोन खुणा पुरतात. कागद फाडून बघा: दिशेने फाटला तर सरळ फाटतो, आडवा फाटला तर वेडावाकडा. वर्तमानपत्राचं मोठं पान वरून खाली सरळ चिरतं आणि आडवं कधीच सरळ फाटत नाही, ते याचमुळे. फाडायचा नसेल तर दोन इंचांचा चौकोन कापून एका बाजूने ओला करा. तो नळीसारखा वळेल, आणि ती नळी ज्या दिशेने लांब दिसेल तीच तंतूंची दिशा. मोठे तुकडे लावताना शक्य तिथे सगळ्यांची दिशा पायाच्या पुठ्ठ्याच्या दिशेशी जुळवा. बोटभर लांबीच्या तुकड्यांना ही काळजी लागत नाही.

आता पाया. कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा आतून लाटांचा असतो. तो एका दिशेने सहज वाकतो आणि पातळ कागदाखालून त्याच्या रेघा दिसतात. फुकट मिळतो म्हणून तोच वापरायचा असेल तर दोन थर घ्या, लाटा एकमेकींना आडव्या येतील असे चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. त्यापेक्षा बरा पुठ्ठा बाइंडरकडे मिळतो: वह्या-पुस्तकांच्या बांधणीचा राखाडी, २ ते ३ मिलिमीटर जाडीचा. बटणं, किल्ल्या, बांगड्यांच्या काचा असं वजन चढवायचं असेल तर ६ मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, घ्या. फर्निचरच्या कामावर त्याचे तुकडे वाया जात असतात, सुताराला सांगून ठेवा.

पाया कोणताही असो, काम सुरू करण्याआधी तो बंद करायला हवा. पांढरा फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना दोन हात मारा, मधे दोन तास जाऊ द्या. कडा विसरू नका. एमडीएफ आणि पुठ्ठा पाणी पितात ते मुख्यतः कडांतून, आणि दमट हवेत फुगायला तिथूनच सुरुवात होते.

द्रोण टाळायचा उपाय बाइंडर लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत: जितकं पुढे, तितकंच मागे. पुढच्या बाजूला कागदाचा पहिला थर चढला की त्याच दिवशी पाठीवर तशाच जाडीचा कागद, त्याच डिंकाने, त्याच दिशेने लावा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ राहतो. पुढे तीन-चार थर चढणार असतील तर मागेही दोन लावा. पाठीला जुन्या कॅलेंडरची पानं चालतात, ती कोणाला दिसत नाहीत.

चिकटवण्याच्या वस्तूंत सरसकट एकच बाटली वापरणं ही सर्रास होणारी चूक. सुतारकामाचा घट्ट फेविकॉल कागदासाठी जड पडतो, कागद-कामासाठी फेविकॉलचाच एमआर हा प्रकार घ्या. साध्या कागदाला ३ भाग फेविकॉल आणि १ भाग पाणी. पत्रिकेच्या जाड कार्डाला पाणी अजिबात नको, नुसता पातळ हात. पतंगाच्या कागदासारख्या झिरझिरीत कागदाला निम्मं-निम्मं, आणि तेही कागदाला नाही तर पायाला लावून त्यावर कागद अलगद सोडायचा. डिंकाची कांडी शाळेच्या वहीपुरती ठीक, वर्षा-दोन वर्षांत तिचे तुकडे सुटतात. रबर सोल्युशन आणि सेलोटेप कोलाजमध्ये आणूच नका. दोन्हींचे पिवळे डाग कागदाच्या आरपार जातात आणि नंतर कशानेही निघत नाहीत.

हातकागद, जुना सुती कपडा आणि पातळ कागद यांच्यासाठी खळीसारखं दुसरं काही नाही. ती सावकाश वाळते, त्यामुळे तुकडा सरकवून नीट बसवता येतो, आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर पाण्याने सुटते. मैद्याची खळ सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या घरात कुरडया होतात तिथे त्याहून चांगली वस्तू तयारच असते: गव्हाचा चीक. जुनी कागदपत्रं दुरुस्त करणारे गव्हाचा शुद्ध स्टार्च शिजवून वापरतात, आणि भिजवून, वाटून, गाळून तळाशी बसलेला पांढरा चीक म्हणजे मुख्यतः तोच. मात्र तो मीठ-हिंग घालायच्या आधी बाजूला काढा, कारण मीठ हवेतली ओल ओढतं. शिवाय तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा चीक आंबलेला असतो. त्यात स्वच्छ पाणी घालून ढवळा, बसू द्या, वरचं पाणी ओता. असं दोनदा करा. मग १ वाटी घट्ट चिकाला ३ वाट्या पाणी घालून मंद आचेवर ८–१० मिनिटं न थांबता ढवळा. दुधासारखा पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी अर्धपारदर्शक झाली आणि चमच्यावरून जाड धार पडू लागली की उतरवा. गार झाल्यावर फडक्यातून दाबून गाळा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्या.

जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत. ते विषारी आहे, आणि त्यातलं तांबं कागदाचा ऱ्हास उलट वाढवतं. घरात मुलं असतील तर विचारही करू नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, खळीचं काम पुढे ढकला किंवा खळ आणि फेविकॉल निम्मं-निम्मं मिसळा. नुसती खळ म्हणजे बुरशीला आणि कसरीला वाढून ठेवलेलं ताट.

एक तुकडा नीट कसा लावायचा ते सावकाश पाहू. समजा मासिकाचं गुळगुळीत पान आहे. त्याच्या छापील अंगावर खनिज मुलामा असतो. ते पान पालथं घालून पाठीवर ओल्या स्पंजाने पाण्याचा हलका हात फिरवा. कडा लगेच वर वळतील. थांबा. अर्ध्या मिनिटात कडा पुन्हा खाली येतात आणि कागद मऊ होऊन पसरतो. म्हणजे त्याला जेवढं वाढायचं तेवढं तो वाढला. जाड हातकागदाला हेच व्हायला दीड-दोन मिनिटं लागतात. घड्याळापेक्षा कागदाकडे बघा. आता चपट्या ब्रशने मधून कडांकडे डिंक लावा. तुकडा उचलून एक कड टेकवा आणि बाकीचा भाग हळूहळू खाली सोडा, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. वर बटर पेपर ठेवा आणि त्यावरून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने मधून बाहेर दाबत न्या. बटर पेपर नसेल तर ओल्या कागदाची शाई घासली जाते आणि पृष्ठभागाला जी चकाकी येते ती जात नाही. बाहेर आलेला डिंक लगेच ओल्या फडक्याने टिपा, पुसू नका. प्रत्येक मोठ्या थरानंतर बटर पेपर, त्यावर टिपकागद किंवा कोरी रद्दी, त्यावर सपाट फळी आणि ८–१० किलो वजन ठेवा. पाण्याची भरलेली कळशी चालते. अर्ध्या तासाने वरची रद्दी बदला, कारण निघालेली ओल तिच्यात साठलेली असते. मग रात्रभर तसंच राहू द्या. उन्हात वाळवू नका, एक बाजू आधी आक्रसते आणि पुन्हा द्रोण.

इतकं करूनही फुगा राहिलाच तर कडेने उचकटू नका. फुग्यावर ब्लेडने तंतूंच्या दिशेने बारीक चीर द्या, सुई काढलेल्या सिरिंजने थेंबभर पातळ डिंक आत सोडा, दाबा.

आता रद्दीच्या ढिगाकडे. सगळंच सारखं वागत नाही. लग्नपत्रिका हा आपल्याकडचा सर्वांत श्रीमंत कच्चा माल: जाड कार्ड, हातकागद, सोनेरी छाप, कधी कधी मखमल. सोनेरी वर्खावर पांढरा डिंक नीट धरत नाही, म्हणून त्यावर दुसरा कागद चढवायचा असेल तर ती जागा बारीक सँडपेपरने खरवडा. पत्रिकेवरचा गणपती बहुतेकांना कापवत नाही, आणि ते बरोबरच आहे. तो तुकडा अख्खा काढून वेगळा ठेवा, त्याच्यावर काही चढणार नाही अशी जागा मिळेल तेव्हाच वापरा.

एसटीची जुनी छापील, कंडक्टरने टोचलेली तिकिटं पातळ असली तरी चिवट असतात. नुसती एकापुढे एक लावली तरी त्यांची रांग बोलते. जर्मन कलावंत कुर्त श्विटर्सने पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात ट्रामची तिकिटं, वेष्टनं आणि रस्त्यावरचे चिटोरे याच भरवशावर चिकटवले. त्याने आपल्या कामाला दिलेलं ‘मेर्झ’ हे नावही एका छापील कागदावरच्या ‘कॉमेर्त्स’ या शब्दाचा उरलेला तुकडा आहे. पण यंत्रातून निघणारी तिकिटं, दुकानाची बिलं, एटीएमच्या पावत्या यांना नखाने ओरखडा काढून पाहा. काळी रेघ उमटली तर तो उष्णतेवर छापणारा थर्मल कागद. त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, डिंक लागला तर कधी कधी लगेच. असं बिल हवंच असेल तर झेरॉक्स काढून ती लावा.

पतंगाचा आणि क्रेपचा कागद रंग सोडतो. घोटीव, मार्बल आणि शाळेचे रंगीत कागदही तपासून घ्या: कोपऱ्यावर ओला कापूस दहा सेकंद दाबा, रंग आला तर तो तुकडा एकटाच, कोरड्या भागावर, अगदी कमी पाण्यात लावायचा. घरच्या इंकजेट प्रिंटरची छपाईही अशीच पसरते.

वेफर्स-बिस्किटांची वेष्टनं पांढऱ्या डिंकाने कधीच टिकत नाहीत. प्लॅस्टिक पाणी पीत नाही, त्यामुळे डिंकाला धरायला काही मिळत नाही. वाळल्यावर तुकडा पापुद्र्यासारखा निघतो. ती शिवा. जाड सुईने पुठ्ठ्याला आधी भोकं पाडून धाग्याने टाके घाला, टाकेही चित्राचा भाग होतात. टेट्रापॅक मात्र चांगला: धुऊन दोन दिवस पाण्यात ठेवला की बाहेरचा कागदी थर हाताने सोलता येतो, आणि तो मऊ, खडबडीत थर फार सुंदर दिसतो.

साडीचे काठ आणि खणाचे तुकडे आधी कोमट पाण्यात धुऊन कांजी काढून टाका, कसरीला तीही आवडते. कापण्याच्या रेघेवर पातळ फेविकॉलचा एक हात द्या, वाळल्यावर कापा, म्हणजे दशा सुटत नाहीत. कपड्याला डिंक लावू नका, पायाला लावा, नाहीतर तो वरपर्यंत झिरपून काळपट डाग दिसतो.

पिंपळाच्या पानाची जाळी हवी असेल तर पिकलेली पानं झाकणाच्या भांड्यात पाण्यात बुडवून तीन-चार आठवडे कुजू द्या, पाणी अधूनमधून बदला. मग जुन्या दातांच्या ब्रशने हलकेच गर काढा आणि टिपकागदात दाबून वाळवा. घाई केली तर शिरा तुटतात. लोखंडी खिळे, बिल्ले, टाचण्या गंजतात आणि गंज भोवतीच्या कागदात तपकिरी पसरतो. त्यांना आधी वॉर्निशचे दोन हात द्या. बटणं-किल्ल्यांसाठी अराल्डाइटच्या दोन्ही नळ्यांतला डिंक सम भागांत मिसळा, २४ तास हलवू नका. त्याहून भरवशाचं म्हणजे दोन बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने बांधणं.

भंगारातून आणलेल्या पुठ्ठ्यात, पुस्तकात कसर किंवा अंडी असू शकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच राहू द्या, नाहीतर गार कागदावर दव धरतं. बुरशीचा वास येणारा कागद मात्र कितीही देखणा असला तरी नको.

वर्तमानपत्राचं पिवळेपण हा डिंकाचा दोष नाही. तो कागद लाकूड दळून करतात, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, तसंच राहतं, आणि उजेड-हवा लागली की ते तपकिरी होतं. १९१२ मध्ये पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी चित्रात कागद आणि छापील तुकडे चिकटवायला सुरुवात केली. त्या काळच्या त्यांच्या कामांतलं वर्तमानपत्र आज स्पष्ट तपकिरी झालेलं आहे. आम्लता कमी करणारे फवारे मिळतात, कागद ठिसूळ होण्याचा वेग ते कमी करतात, पण लिग्निन काढत नाहीत. तेव्हा दोनच प्रामाणिक मार्ग: पिवळेपण येणार हे धरूनच त्याच्या शेजारी विटकरी, मातकट, तपकिरी रंग ठेवा. किंवा बातमीची चांगल्या कागदावर काळी झेरॉक्स काढा. तिची काळी पूड उजेडात टिकते आणि ओलीने पसरत नाही. घरातले जुने फोटो आणि पत्रं यांच्याही झेरॉक्सच वापरा, मूळ प्रतीला डिंक लावू नका.

पातळ कागदाची आणखी एक खोड: ओला झाला की पारदर्शक होतो आणि मागच्या पानावरची जाहिरात पुढे डोकावते. पाठीला पांढऱ्या ॲक्रिलिकचा एक हात द्या, वाळल्यावर लावा.

मांडणीबद्दल थोडंच सांगतो. सगळं आधी कोरडंच मांडा, मोबाइलवर फोटो घ्या आणि तो कृष्णधवल करून पाहा. रंगात वेगळे वाटणारे तुकडे करड्यात एकसारखे दिसले तर चित्र दुरून सपाट वाटणार. एखादी मोठी शांत जागा ठेवाच, नाहीतर तो रद्दीचा गठ्ठाच दिसतो. कात्रीची कड आणि फाटलेली कड यांत फार फरक आहे. छापील बाजू आपल्याकडे धरून फाडताना जो भाग तुम्ही आपल्याकडे ओढता त्याची कड छापील राहते, आणि मागे राहिलेल्या भागाला पांढरी किनार येते. गर्द जागेवर ती किनार उजेडासारखी काम करते, फिकट जागेवर गचाळ दिसते. मऊ, तंतुमय कड हवी असेल तर ओल्या ब्रशने रेघ ओढून त्यावरून हळू उकला. हे बोटांनीच शिकायचं असतं. चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५६-५७ च्या सुमारास पूर्ण गेली, त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून-चिकटवून चित्रं केली. कागदाच्या कडेवर बोट फिरवून काम करता येतं, याला त्याहून मोठी साक्ष कोणती!

काम पुरं झालं की वरून पातळ फेविकॉल फासायची सवय सोडा. दमट हवेत तो चिकट होतो, धूळ धरतो आणि ओला झाला की दुधाळ. ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहा. सुतारी पॉलिश पिवळं पडतं, ते नको. फ्रेम करण्याआधी किमान सात दिवस पंख्याच्या हवेत राहू द्या. तुमच्या कोपऱ्यातली बुरशी बहुधा इथली आहे: आत ओल असतानाच काच बंद झाली, किंवा चित्र पावसाची ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकलं. काच चित्राला टेकू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला. उंच वस्तू असतील तर २०–२५ मिलिमीटर खोलीची पेटीसारखी फ्रेम लागेल. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे मागून हवा खेळते.

आता हाताशी असलेलं वाकलेलं कोलाज. बुरशी आधी. मास्क लावून घराबाहेर, पूर्ण कोरडी झाल्यावरच, मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसलीत तर ती कागदात खोल जाईल. डाग राहिला तर त्यावर नवा तुकडा चढवा. मग काम पालथं, बटर पेपरवर ठेवा. पाठीवर स्पंजाने अगदी हलकी ओल द्या आणि पाच मिनिटं थांबा. पुढे लावला होता तशाच जाडीचा कागद, तोही भिजवून पसरलेला, त्याच डिंकाने पाठीवर लावा. उंच वस्तू नसतील तर फळीखाली दोन दिवस दाबून ठेवा, पहिल्या दिवशी टिपकागद तीनदा बदला. उंच वस्तू असतील तर पुठ्ठा पालथाच दोन जाड पुस्तकांवर कडांनी टेकवा, वस्तू मधे लोंबत्या राहू द्या, आणि वजन फक्त पुस्तकांवर टेकलेल्या कडांवर ठेवा. वाक एका फेरीत निम्मा जातो. उरला तर मागे अजून एक कागद, पुन्हा तसाच.